आधी फॉइल लावून बघा, मग रंगाचं

भिंतीला ओल आणि बुरशी येते, रंगाआधी काय करायचं, या प्रश्नावर वॉटरप्रूफ पुट्टी मारून मोकळं व्हा असं दोघा-तिघांनी म्हटलंय, ते मला नाही पटत. बाहेरून पाणी झिरपत असेल तर आतून कितीही थर द्या, पुढच्या पावसाळ्यात पोपडे येणारच. आणि झिरपत नसेल तर पुट्टीचे पैसे वायाच.

आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या भिंतीवर कपाटामागे काळी बुरशी यायची, आम्ही दोन वर्षं सोसायटीशी भांडत होतो की पाइप लीक आहे म्हणून. शेवटी प्लंबरनेच सांगितलं की भिंत कोरडी पुसा, हातभर अॅल्युमिनियम फॉइल चारही बाजूंनी टेप लावून चिकटवा आणि दोन दिवस ठेवा, भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं तर भिंतीतली ओल, खोलीकडच्या बाजूला दिसलं तर हवेतली. आमचं खोलीकडे निघालं! पलीकडे शेजाऱ्यांची बेडरूम, त्यांचा एसी रात्रभर १८ वर, मधली भिंत जेमतेम ४ इंची, ती गार पडायची आणि आम्ही इकडे खिडक्या लावून पंख्याखाली ओले कपडे वाळत घालायचो (पावसाळ्यात दुसरं करणार काय). गार पाण्याच्या ग्लासला बाहेरून घाम येतो ना, तसंच. कपाट वीतभर पुढे ओढलं, कपडे हॉलमध्ये नेले, शेजारीही २५ वर आले, आता नुसता ओलसर वास येतो कधीतरी. आणि हो, बुरशी कोरड्या ब्रशने खरवडू नका, घरभर उडते, ओल्या फडक्यानेच पुसा.