मुलीचं वजन फ्रीजवर चिकटवणाऱ्यांसाठी

म्हापशाची_आई: "गोड पूर्ण बंद करा, दर रविवारी वजन करून आकडा फ्रीजवर लावा, मुलगी महिन्यात सडपातळ होते." कालची ही पोस्ट आणि खालच्या टाळ्या वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. माझी नववीत आहे. सकाळी अर्धा उंडा (गोव्याचा गोल पाव) चहात बुडवून पळते, दुपारी शाळेतून येते ती चॉकलेट शोधत. ही चटक की भूक? मी आल्याआल्या जेवायला वाढते. शीत म्हणजे भात, हुमण म्हणजे माशांची आमटी, भाजी. पोट भरल्यावर चॉकलेटची आठवण निम्मी होते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्येच सांगितलंय की पोरांना डाएटवर टाकू नका, वजनावरून बोलू नका, एकत्र जेवा. आमच्याकडे चवथीला आत्याचं पहिलं वाक्य "किती सुटलीस गो!" आणि दुसरं "नेवरी घे", म्हणजे करंजी.

फोंडेकर: भाषण झकास, बाय. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ च्या अहवालात मधुमेहात गोवा देशात पहिला, प्रौढांत २६.४ टक्के. माझ्या वडिलांचा पाय त्यातच कापला. कोलाच्या ३०० मिलीत तीसेक ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला २५ च्या आत राहिलात तर उत्तम. पोरगी रुसेल म्हणून मी गप्प बसू?

डिचोलीचो_बाब: साखर सोडा, माडाचा गूळ वापरा. आमची आजी दोदोल, मणगणें सगळं त्यातच करायची. कुणाला डायबेटिस नव्हता.

म्हापशाची_आई: आजी दिवसभर शेतात राबायची, ते विसरलात. आणि तपासलं होतं कुणी तिला?

फोंडेकर: गूळही साखरच, बाब. काळा आहे म्हणून रक्तात वेगळा वागत नाही.

डिचोलीचो_बाब: तुम्ही खाता तो बाजारातला, साखर मिसळलेला. माडाच्या खऱ्या गुळाची पिरॅमिडच्या आकाराची ढेप बघितलीय का कधी?

सासष्टीकर: खरा मिळणार कुठून? माडाचा रस काढणारे रेंदेर राहिलेत किती? माझ्या काकांनी माडावर चढणं सोडलं, पोरं बोटीवर गेली. सूर, म्हणजे माडाचा रस काढा, तासन्‌तास आटवा, आणि गिऱ्हाईक भाव पाडून मागणार. तुम्हाला आजीचा गूळ हवा, पण कारखान्याच्या दराने!

डिचोलीचो_बाब: मी कधी भाव पाडला? उगाच अंगावर येऊ नका.

सासष्टीकर: मग शेवटचा केव्हा घेतलात ते सांगा.

कॉलेजकन्या: गुळाचं भांडण थांबवा जरा. फ्रीजवर आकडा लागलेली मुलगी मी होते. घरात साधं बिस्कीटही नाही, म्हणून बेकरीतला केक बाथरूममध्ये उभ्याने खायचे. मग दोन दिवस उपाशी. पाळी थांबली तेव्हा आईने डॉक्टर गाठला. फोंडेकर काका, तुमच्या मुलीच्या दप्तरात काय असतं, ठाऊक आहे?

फोंडेकर: दप्तर मी तपासत नाही. बरं, काटा माळ्यावर टाकतो. झालं समाधान? पण कोल्ड्रिंक घरात येणार नाही म्हणजे नाही.

म्हापशाची_आई: आणा म्हटलं कुणी? फक्त तुम्हीही तिच्यासमोर पिऊ नका.

फोंडेकर: मी सोडाच पितो.

म्हापशाची_आई: हो, आणि त्यात काय असतं तेही गोव्याला माहीत आहे.

डिचोलीचो_बाब: सासष्टीकर, काकांकडे जुना गूळ शिल्लक असेल तर दोन किलो ठेवा. भाव तुम्हीच सांगा.