होकार खरा, पण कशाला?
"जैवविविधता वाचवायच्या सरकारी योजनांना विचारलं की सगळेच हो म्हणतात, असल्या जनमताला काय अर्थ" असं एक मत वाचलं, ते अर्धंच पटलं. होकार खरा असतो, पण कामाचा तपशील कोणी विचारलेलाच नसतो. आमच्या बडोद्याचंच घ्या. विश्वामित्री नदीतल्या मगरींचं इथे भारी कौतुक. पाहुणे आले की काळाघोड्याच्या पुलावरून त्या दाखवायच्याच. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्याच मगरी रस्त्यांवर, सोसायट्यांत आल्या आणि 'नदी खोल करा, रुंद करा' ही मागणी जो तो करू लागला. (घरात कमरेएवढं पाणी शिरलेल्या माणसाला नावं कोण ठेवणार?) २०२५ च्या उन्हाळ्यात ते काम सुरूही झालं.

यात राहून जाणारा मुद्दा वेळापत्रकाचा. मगर काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल; पिल्लं पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर पडतात. म्हणजे गाळ काढायला जे कोरडे महिने सोयीचे, नेमके तेच घरट्यांचे. तेव्हा 'मगरी हव्यात का?' विचारून काही कळणार नाही. 'कुठल्या काठाला जेसीबी लावायचा नाही?' असं विचारा, मग खरी मतं बाहेर येतील. ते विचारायची जागा कायद्यात आहे: २००२ च्या जैवविविधता कायद्याने महापालिकेलाही जैवविविधता व्यवस्थापन समिती बंधनकारक केली आहे. माझ्या ओळखीत तरी हे नाव कोणी ऐकलेलं नाही.