पुणे : वैयक्तिक नादारीचा अर्ज करावा की सेटलमेंट? वकील सुचवा

माझ्या भावासाठी विचारतोय. नादारी म्हणजे कर्ज फेडू शकत नाही असं न्यायालयाकडून जाहीर करून घेणं. तो पगारदार आहे, पुणे शहरात राहतो. दोन पर्सनल लोन आणि तीन क्रेडिट कार्ड मिळून सुमारे १४ लाख थकले आहेत. सगळं विनातारण, त्यामुळे सरफेसीचा (तारण मालमत्ता बँकेला जप्त करू देणाऱ्या कायद्याचा) प्रश्न नाही. जामीनदार कोणी नाही. पगार ४२ हजार. आईसोबत संयुक्त नावावर एक फ्लॅट आहे, त्यावर कर्ज नाही. खरी काळजी त्या फ्लॅटची आहे.

बँकांना हप्ते कमी करून मुदत वाढवण्यासाठी लेखी अर्ज दिले. एका बँकेने एकरकमी तडजोड देऊ केली, पण तेवढी रक्कम हातात नाही, आणि सिबिलवर 'सेटल्ड' शेरा पडेल तो वेगळाच. ईसीएस (खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता) बाउन्स झाल्यामुळे पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ ची नोटीस आली आहे. उत्तर द्यायचं बाकी आहे.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरताच लागू झाला आहे. म्हणजे पुण्यात १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली जिल्हा न्यायालयातच जावं लागेल. नादार ठरल्यावर मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या (न्यायालयाने मालमत्ता सांभाळायला नेमलेल्या व्यक्तीच्या) ताब्यात जाते, हे माहीत आहे. 'कर्ज निम्मं करून देतो' म्हणत आगाऊ फी मागणाऱ्या एजन्सी कृपया सुचवू नका.

या कायद्याखाली प्रत्यक्ष अर्ज चालवलेले पुण्यातले वकील कोण, आणि ते फी टप्प्याटप्प्याने घेतात का? अर्ज दाखल झाल्यावर कलम २५ ची कारवाई थांबते का? आणि फ्लॅटमधला आईचा हिस्सा सुरक्षित राहावा म्हणून अर्जासोबत कोणती कागदपत्रं जोडावी लागतात?