प्रति: काळजी की आजाराची चाहूल?

पीआरएनपी या प्रायॉन प्रथिनाच्या जनुकात दोष असलेला, पण एरवी ठणठणीत माणूस चिडचिड करू लागला, त्याची झोप उडाली तर वंशागत प्रायॉन आजार (हे प्रथिन बिघडून मेंदू निकामी करत नेणारा, घराण्यात चालत येणारा आजार) सुरू झाला म्हणायचं का, असं वर विचारलंय. इतक्या घाईने तसं म्हणू नये. धडधाकट आईला काही महिन्यांत घरच्यांना ओळखेनासं झालेलं ज्याने पाहिलंय, तो चावी सापडली नाही तरी दचकतो. तुलना करायचीच तर त्याच घरातल्या, या जनुकाची चाचणी निगेटिव्ह आलेल्या भावंडाशी करावी. धसका दोघांनीही घेतलेला असतो, दोष एकाकडेच. (बाहेरच्या निरोगी लोकांशी केलेली तुलना मला तरी फारशी पटत नाही.)

पण सगळं 'टेन्शन' म्हणून झटकूनही चालणार नाही. नैराश्य, उदासीनता, स्वभावातला बदल ही खरोखरच सुरुवातीची लक्षणं असू शकतात. याच जनुकातल्या डी१७८एन या बदलामुळे होणाऱ्या घातक कौटुंबिक निद्रानाशात तर बहुधा झोपच आधी बिघडते. काळजी साधारणपणे चाचणीच्या निकालाच्या आसपास उसळते नि ओसरते. आजार मात्र पुढेच सरकतो. शिवाय काळजी करणारा स्वतः तक्रार घेऊन येतो. उदासीन झालेल्याला आपलं काही बिघडलंय असं वाटतच नाही, ते घरच्यांना विचारावं लागतं.