अनुभव धागा : पेरू, पथ्यातला आणि रोजच्या ताटातला

थंडी पडू लागली की कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत पेरूंच्या पाट्या दिसू लागतात आणि घरोघरी ‘खाऊ नका, सर्दी होईल’ हे पालुपद सुरू होते. शंभर ग्रॅम पेरूत सुमारे २२८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या संत्र्याच्या चौपट, तरीही आजाऱ्याला भेटायला जाताना आपण पिशवीत संत्रीच घालतो. पेरू ज्यांनी पथ्य किंवा उपाय म्हणून खाल्ला, त्यांनी स्वतःचा अनुभव सविस्तर लिहावा, ऐकीव नको.

राजारामपुरी, शिक्षिका : माझे हिमोग्लोबिन सतत कमी असे. लोहाच्या गोळ्या चालू होत्या, मेथी, राजगिरा, हुलग्याचे माडगे हेही जेवणात होते. वनस्पतिजन्य अन्नातले लोह शरीर सहजासहजी शोषून घेत नाही; क जीवनसत्त्व ते शोषण्याजोग्या रूपात आणते, मात्र दोन्ही गोष्टी एकाच जेवणात पोटात जायला हव्यात, असे डॉक्टरांनी समजावले. तेव्हापासून दुपारच्या जेवणात मी पेरूची कोशिंबीर ठेवते : पिकत आलेला पेरू चिरून दही, शेंगदाण्याचे कूट, मीठ आणि वरून जिऱ्याची फोडणी. फोडणी गार करून घालते, कारण हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते. साल काढत नाही. जेवल्यावर लगेच घ्यायचा चहा मात्र सोडावा लागला, कारण चहातील टॅनिन लोहाच्या शोषणात अडथळा आणते, आणि खरे सांगायचे तर तेच सर्वांत अवघड गेले. पुढच्या तपासण्यांत आकडा वाढत गेला. त्याचे श्रेय एकट्या पेरूला देणे योग्य होणार नाही, गोळ्या चालूच होत्या.

मंगळवार पेठ, निवृत्त पैलवान : तालमीत असताना मटण, दूध, तूप, थंडाई यांची रेलचेल होती, पण भाजी-फळांकडे कोणी पाहत नसे. कुस्ती सुटली, खाणे तसेच राहिले आणि बद्धकोष्ठतेने छळले. थोरल्या वहिनींनी सकाळच्या न्याहारीबरोबर पेरू द्यायला सुरुवात केली. शंभर ग्रॅममध्ये पाच ग्रॅमहून अधिक तंतू असल्यामुळे पोट सुधारले. पाणी भरपूर प्यायलो नाही, तर मात्र उलट त्रास होतो. सर्दीचे म्हणाल, तर पेरूमुळे ती झाल्याचे मला कधी जाणवले नाही, आणि थांबल्याचेही नाही.

शिरोळ, शेतकरी : उसाच्या कडेला आमची थोडी पेरूची झाडे आहेत, पुण्याच्या गणेशखिंडीत निवडलेल्या सरदार जातीची. पावसाळ्यातला पेरू पाणचट असतो आणि फळमाशीच्या अळ्याही त्यातच जास्त. मृग बहराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या फुलोऱ्याची फळे थंडीत येतात; औषध म्हणून खायचा, तर तोच खावा.

उचगाव : मला मधुमेह आहे. माझ्या आहारतज्ज्ञांनी अर्धा ते एक मध्यम पेरू, सालीसकट, चावून खाण्यास परवानगी दिली आहे. रस नाही, कारण गाळताना तंतू जातो आणि साखर तेवढी उरते. अतिपिकलेला टाळते. रंकाळ्यावर तिखटमीठ लावून मिळणाऱ्या फोडींचा मोह होतो, पण रक्तदाबही आहे, म्हणून मीठ नको असे सांगून घेते.

गारगोटी : तोंड आले की आमच्या आजी पेरूची कोवळी पाने उकळून त्या पाण्याने गुळण्या करायला लावत. पाने तुरट असल्याने आराम वाटतो, आजही करते.

(पाने जुलाबावरही देतात, म्हणून एक सूचना : लहान मुलाला जुलाब होत असतील, तर आधी जलसंजीवनी आणि डॉक्टर, काढ्याच्या भरवशावर वेळ दवडू नये. – धागाकर्ता)

शाहूपुरी : वडिलांचे डायलिसिस चालू आहे. वर सर्वांनी पेरूचे गुण सांगितले, ते खरेच आहेत, पण शंभर ग्रॅम पेरूत चारशे मिलिग्रॅमहून अधिक पोटॅशियम असते आणि निकामी मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही. रक्तात साचले की हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. त्यामुळे आमच्याकडे पेरू बंद आहे. भेटायला येणारे पाहुणे धाग्याच्या सुरुवातीला म्हटल्याप्रमाणे संत्री आणोत की पेरू, दोन्ही शेजारी वाटावी लागतात. मूत्रपिंडाच्या रुग्णाकडे जाताना काय चालते, ते घरच्यांना आधी फोन करून विचारावे.