मदत हवी आहे: पापकबुलीनंतर उपासना पुढे कशी न्यावी?

आमच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) उपासनेचा क्रम लावायचं काम माझ्याकडे आहे. सध्या तो बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 6व्या अध्यायावर बेतलाय: आधी ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ हा सराफीमांचा (देवाच्या सिंहासनाजवळच्या स्वर्गीय जीवांचा) घोष, मग पाचव्या वचनातल्या ‘हाय हाय’सारखी पापकबुली, नंतर स्तुतिगीतं.

अडतं ते कबुलीपाशी. तिथून थेट टाळ्यांच्या गीतावर गेलो तर देवाच्या पवित्रतेची जाणीव क्षणात पुसली जाते. दोन मिनिटं शांतता ठेवून पाहिली, तर लोक शेवटपर्यंत मान खाली घालूनच बसले. गाणं संथ केलं, फरक नाही. (आवाज वाढवणं हा उपाय कृपया सुचवू नका!)

चूक बहुधा माझीच. यशयाच्या ओठांना निखारा लागतो, ‘तुझं पाप दूर झालं’ असं त्याला सांगितलं जातं. ती 6-7 वचनंच आमच्या क्रमात नाहीत. तिथे 1 योहान 1:9 (पाप कबूल केलं तर देव क्षमा करतो) वाचावं की इब्री 10:19-22 (येशूच्या रक्तामुळे धैर्याने देवाजवळ यावं), यावर अडलोय. बऱ्याच रविवारी पाळक (मंडळीचे धर्मगुरू) नसतात, मुलंही सोबत बसतात, हाताशी पाचेक मिनिटं.

पाळक नसताना क्षमेचं हे आश्वासन कोणी आणि कोणत्या शब्दांत द्यावं, म्हणजे आदरही टिकेल आणि लोक मोकळ्या मनाने गातील?