बास गिटारचा अँप: गेन वाढवला की आवाज फाटतो, आणि खरखरीत हवा तेव्हा तसा येत नाही

१०० वॅटचा सॉलिड स्टेट (ट्यूब नसलेला) कॉम्बो आहे, म्हणजे अँप आणि स्पीकर एकाच डब्यात. बास गिटार अॅक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट आहे. घरी मस्त वाजतो पण प्रॅक्टिसला ड्रमर सुटला की मी गेन वाढवतो आणि खालची ई तार फुटक्या डब्यासारखी वाजते. उलट जिथे मुद्दाम घाण आवाज हवाय तिथे डिस्टॉर्शन पेडल (आवाज मुद्दाम फाडणारं) लावलं की खालचा जाड आवाजच गायब. काय चुकतंय?

> गेन हे आवाज वाढवायचं बटण नाही रे, अँपमध्ये येणारा सिग्नल किती वाढवायचा ते त्याने ठरतं. जितकं जोरात वाजवतोस तितकं वाजव, क्लिपचा (सिग्नल मर्यादेबाहेर गेल्याचा) लाल दिवा लुकलुकेपर्यंत गेन वर ने, मग जरासा मागे. आवाज मास्टर व्हॉल्यूमने वाढव. अॅक्टिव्ह इनपुट किंवा पॅड (सिग्नल कमी करणारं बटण) असेल तर तो वापर. आणि अँपवरचा बासचा (खालच्या आवाजाचा) नॉब कमी कर, ई तार ४१ हर्ट्झची, छोटा स्पीकर तिथे नुसता फडफडतो. मिड (मधला आवाज) वाढव, ड्रममधून तेच ऐकू येतं.

> पेडल ब्लेंड नॉबवालं घे. डिस्टॉर्शन खालचा भाग खातं, म्हणून खाली स्वच्छ सिग्नल चालू ठेवायचा आणि वर खरखर मिसळायची, अर्धी मिसळली तरी पुरते. १९६९ चा अँपेग एसव्हीटी ३०० वॅटचा ट्यूब अँप, तो ताणला की आपोआप गुरगुरतो, आपल्या कॉम्बोकडून ती अपेक्षा नको.

> बास गिटारमधली ९ व्होल्टची बॅटरी बघितलीस का? उतरली की असंच फाटतं. केबल बासला लावून ठेवली की वाजवत नसतानाही संपते.

बॅटरी गणपतीच्या आधीची निघाली 😅 केबल तर कायमच लावलेली असते. ब्लेंडवालं पेडल मित्राकडून आणतोय.